मर्यादेबाहेर राहिलेल्या ओळी

डेटावर काम करण्याच्या जवळपास प्रत्येक साधनात एक छोटी चौकट असते आणि तीत एक आकडा भरलेला असतो: किती ओळी घ्यायच्या. एसक्यूएल सर्व्हरच्या व्यवस्थापन साधनात तक्त्यावर उजवी टिचकी दिली की वरच्या १,००० ओळी काढण्याचा पर्याय हजर असतो. मायएसक्यूएल वर्कबेंच आपणहून १,००० ओळींवर थांबतो. पॉवर क्वेरी एखाद्या रकान्यात रिकाम्या जागा किती आणि चुका किती हे सांगते, तेव्हा तो हिशेब, आपण मुद्दाम बदल केला नसेल तर, पहिल्या १,००० ओळींपुरताच असतो. हा आकडा कोणी ठरवला आणि तो आपल्या कामाला लागू पडतो का, हे रोजच्या घाईत विचारले जात नाही. दिसायला ती संख्या असली तरी प्रत्यक्षात ती निवड असते, आणि निवडीला दोन प्रश्न चिकटलेले असतात: कोणत्या ओळी आत आल्या, आणि बाहेर राहिलेल्यांची नोंद कुठे झाली. या दोहोंची उत्तरे हाताशी नसतील तर ‘किती’ या प्रश्नाचे कोणतेही उत्तर भरवशाचे नाही, असे माझे मत आहे. पुढचा आढावा त्या मताच्या बाजूचा पुरावा तपासतो आणि त्यावरचे आक्षेपही.

मर्यादा घालण्याची गरज खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. वर्कफ्लो बांधताना माणूस एक पायरी जोडतो, चालवून पाहतो, दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो. प्रत्येक वेळी दोन कोटी ओळी वाहू दिल्या तर दिवसाला चार-पाचच प्रयोग होतील. मेमरी अपुरी पडते, क्लाउडवर पैसे लागतात, सामायिक सर्व्हरवर दुसऱ्यांची कामे अडतात. म्हणून ओळी कमी करणे हा कामाचा शहाणा भाग आहे. घोटाळा होतो तो एकाच चौकटीत वेगवेगळे हेतू कोंबल्यामुळे. रकान्यांची नावे आणि तारखांची मांडणी डोळ्यांखालून घालण्यासाठी मर्यादा लागते, वेळ आणि खर्च आवरण्यासाठी लागते, थोड्या ओळींवरून सगळ्या तक्त्याविषयी अनुमान करण्यासाठी लागते. काही ठिकाणी तर मर्यादा हेच उत्तर असते, जसे सर्वाधिक गुणांचे पहिले शंभर विद्यार्थी. पहिल्या हेतूला कोणत्याही वीस ओळी चालतात. तिसऱ्या हेतूला त्याच वीस ओळी दिशाभूल करतात. चौथ्यात एक ओळ इकडची तिकडे झाली तर कुणाची तरी शिष्यवृत्ती जाते. साधन मात्र चारही वेळा तोच आकडा विचारते.

क्वेरीच्या भाषेचा इतिहास पाहिला तर हा गोंधळ जुना असल्याचे दिसते. ओळी थांबवण्याचा एकच मान्य शब्द बराच काळ नव्हता. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांत ‘लिमिट’ आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ आहे, ओरॅकलमध्ये वर्षानुवर्षे ‘रोनम’ वापरला गेला. ‘फेच फर्स्ट’ ही रचना एसक्यूएलच्या प्रमाणात २००८ साली आली आणि ओरॅकलने ती २०१३ च्या १२सी आवृत्तीत स्वीकारली. शब्दांचा हा फरक वरवरचा वाटेल, पण ‘रोनम’चा सापळा पाहा. ओरॅकल ओळींना क्रमांक देतो तो त्या क्रमाने लावण्याआधी. म्हणून ‘पगाराच्या उतरत्या क्रमाने लाव आणि रोनम दहापर्यंतचे दे’ असे एकाच पातळीवर लिहिले, तर आधी हाताला लागलेले कोणतेही दहा कर्मचारी निवडले जातात आणि मग फक्त त्या दहांना उतरत्या क्रमाने उभे केले जाते. निकाल नीटनेटका दिसतो, दहा ओळी असतात, पगार उतरत जातात, आणि उत्तर चुकीचे असते. लावणे आधी आणि कापणे नंतर, हे आतल्या क्वेरीने वेगळे सांगावे लागते. चित्रमय वर्कफ्लोत हाच दोष दोन खोक्यांची अदलाबदल होऊन शिरतो: सॉर्ट करणाऱ्या नोडच्या आधी मर्यादेचा नोड बसला की तेच घडते, आणि कॅनव्हासवर दोन्ही मांडण्या सारख्याच निर्दोष दिसतात.

मुळात तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा असा क्रमच नसतो. संबंधात्मक डेटाबेसच्या सिद्धांतात तक्ता म्हणजे संच, आणि संचाला पहिला-दुसरा नसतो. ‘ऑर्डर बाय’ न लिहिता ‘लिमिट १००’ म्हटले की डेटाबेस त्याला सोयीच्या कोणत्याही शंभर ओळी देऊ शकतो, आणि पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेत ही ताकीद स्पष्ट दिलेली आहे. रोजच्या वापरात बहुधा त्याच त्या ओळी येत राहतात, म्हणून लोकांना ती हमी वाटते. पण पोस्टग्रेसमध्ये मोठ्या तक्त्याचे एक वाचन चालू असताना दुसरे सुरू झाले, तर वेळ वाचावा म्हणून दुसरे वाचन तक्त्याच्या मधूनच पहिल्याला येऊन मिळू शकते, आणि मग त्याच क्वेरीला वेगळ्या ओळी येतात. मोठ्या डेटासाठीच्या स्पार्क या साधनात तर काम शेवटच्या क्षणापर्यंत पुढे ढकललेले असते. एकदा मर्यादित केलेला तक्ता खाली दोन ठिकाणी वापरला आणि मध्ये तो साठवून ठेवला नाही, तर मर्यादा दोनदा मोजली जाते आणि दोन शाखांत दोन निराळे संच जाऊ शकतात. अशा वर्कफ्लोत बेरीज जुळत नाही म्हणून माणसे सूत्रांत चूक शोधत बसतात.

क्रम लिहिला तरी एक पेच उरतो, तो बरोबरीचा. शंभराव्या आणि एकशे एकाव्या विद्यार्थ्याचे गुण सारखे असतील तर ‘पहिले शंभर’ म्हणजे कोण? डेटाबेस दोघांपैकी एकाला घेतो आणि दुसरा होता हे सांगत नाही. एसक्यूएल सर्व्हरने यासाठी ‘विथ टाइज’ची सोय बरीच आधी दिली, पोस्टग्रेसमध्ये ती २०२० साली तेराव्या आवृत्तीत आली. तिने शेवटच्या क्रमांकाशी बरोबरी करणारे सगळे आत घेतले जातात, मग ओळी शंभराच्या एकशे चार झाल्या तरी चालते. गुणवत्तायादी, अनुदानपात्र कुटुंबे, प्रतीक्षायादी अशा कामांत ही सोय न वापरणे मला अन्यायकारक वाटते. तिथे संख्या पाळण्यापेक्षा समान माणसांना समान वागवणे महत्त्वाचे आहे. जागा खरोखरच शंभर असतील तर बरोबरी कशी सोडवायची याचा नियम माणसांनी आधी ठरवून जाहीर करावा. तो साठवणुकीच्या योगायोगावर सोडू नये.

फाईलचे तसे नाही, तिला क्रम असतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि नेमका तोच क्रम घात करतो. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या गावांची यादी घ्या. त्रेचाळीस हजारांहून अधिक गावे संकेतांकाच्या क्रमाने लावलेली आहेत. जिल्ह्यांचे संकेतांक ४९७ पासून ५३१ पर्यंत जातात. ४९७ म्हणजे नंदुरबार, ५३१ म्हणजे सांगली. या फाईलच्या पहिल्या पाचशे ओळी घेतल्या तर त्या सगळ्या नंदुरबारच्या असतात. त्या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आहे, तर संपूर्ण राज्यात ते ९ टक्क्यांच्या थोडे वर आहे. पाचशे ही संख्या लहान नाही. साक्षरता, कुटुंबाचा आकार, शेतमजुरांचे प्रमाण यांविषयी त्या पाचशे गावांवरून काढलेला प्रत्येक आकडा फार तर नंदुरबारबद्दल काही सांगेल, महाराष्ट्राबद्दल नाही. इतर फाईलींतही असेच असते: व्यवहारांच्या नोंदीत वर सर्वांत जुने दिवस, नावांच्या यादीत वर अ पासूनची नावे, दवाखान्याच्या नोंदवहीत वर सर्वांत आधी संगणकीकृत झालेला विभाग. वरच्या ओळी म्हणजे कुणाच्या तरी कामाच्या क्रमाचा ठसा, आणि तो ठसा आपण काढलेल्या उत्तरात उमटतो.

यंत्रेही याच सवयीने चुकतात. एक्सेलची फाईल दुसऱ्या प्रणालीत वाचणारे मायक्रोसॉफ्टचे जुने ड्रायव्हर रकाना अंकांचा की अक्षरांचा हे मूळ मांडणीत पहिल्या ८ ओळी पाहून ठरवतात. पहिल्या आठ घरांचे क्रमांक १२, १४, २७ असे असतील आणि नवव्याचा ‘३१ अ’ असेल, तर रकाना अंकांचा ठरतो आणि नववे घर रिकामे येते. फाईल उघडली, ओळी पूर्ण आल्या, फक्त त्यांतला मजकूर गळाला. इथे ओळींची मर्यादा आठ होती आणि ती वापरणाऱ्याला कुठे दिसतही नव्हती.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. तक्ता तसा शिजलेला नसतो. तो आधी ढवळावा लागतो. यादृच्छिक नमुना म्हणजे हे ढवळणे. भारतात हा विचार मोठ्या प्रमाणावर रुजवणाऱ्यांत प्रशांतचंद्र महालनोबिस अग्रणी होते. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभारली, बंगालमध्ये ताग आणि भात या पिकांचे नमुना सर्वेक्षण केले, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पण या आढाव्याच्या दृष्टीने त्यांच्याइतकेच महत्त्वाचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवर एक मूलभूत शंका घेतली. शेतात यादृच्छिक जागा निवडून फार लहान तुकडा कापला, तर कडेवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल होतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा, म्हणून उत्पन्नाचा अंदाज वरच्या बाजूला झुकतो. असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी तो झुकाव जात नाही, कारण प्रत्येक तुकडा त्याच दिशेने चुकतो. महालनोबिसांची भिस्त लहान तुकड्यांवर होती, सुखात्म्यांचा आग्रह मोठ्या तुकड्यांचा होता, आणि दोघांचा वाद तीव्र झाला. ओळींच्या मर्यादेवर विचार करणाऱ्याने त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. जागा यादृच्छिक निवडली तरी काम संपत नाही. निवडलेल्या तुकड्याची कड कुठे पडते आणि ती कोण ठरवतो, हेही तपासावे लागते. तारखेनुसार कापलेल्या डेटात पहिला आणि शेवटचा दिवस अर्धवट असतो, आणि कडेवरचे असे दिवस सरासरीत मिसळले की सुखात्म्यांनी दाखवलेला दोष नव्या वेषात परत येतो.

संख्या मोठी असली की चूक आपोआप धुतली जाते, या समजुतीला १९३६ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक हे जुने आणि पक्के उत्तर आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे तेवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली आणि त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. याउलट नीट निवडलेला नमुना आश्चर्य वाटावे इतका लहान चालतो. हजार ओळी खरोखर यादृच्छिक घेतल्या, तर एखाद्या प्रमाणाचा अंदाज जास्तीत जास्त तीन टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे जातो, ही पंचाण्णव टक्के खात्रीची सीमा. आणि मूळ तक्ता एक लाखाचा असो की एक अब्जाचा, तिच्यात फारसा फरक पडत नाही. लोकांना हे पटत नाही. तक्ता मोठा म्हणून नमुनाही मोठा हवा असे वाटते आणि मग ते वरच्या दहा लाख ओळी घेतात, जेव्हा यादृच्छिक उचललेल्या दोन हजार पुरल्या असत्या.

अशा ओळी काढण्याची साधने आता सर्वत्र आहेत. एकूण ओळी किती हे आधी माहीत नसले तरी एकाच फेरीत समान संधी देऊन ठरावीक संख्या निवडण्याची पद्धत जेफ्री व्हिटर यांनी १९८५ मध्ये सविस्तर मांडली, आणि प्रवाहाने येणाऱ्या डेटासाठी ती आजही वापरात आहे. ‘टेबलसॅम्पल’ हा शब्द २००३ च्या एसक्यूएल प्रमाणात आला. पोस्टग्रेसमध्ये तो ९.५ आवृत्तीपासून आहे आणि त्याच्या दोन रीती आहेत. बर्नुली रीत प्रत्येक ओळीसाठी वेगळा कौल लावते, पण त्यासाठी सगळा तक्ता वाचते. सिस्टिम रीत साठवणुकीची पाने निवडते आणि निवडलेल्या पानावरच्या सगळ्या ओळी घेते. ती वेगवान आहे, पण एका पानावरच्या ओळी अनेकदा एकाच दिवसाच्या किंवा एकाच गावच्या असतात. वर्कफ्लो बांधण्याच्या नाइम या साधनातल्या ओळी निवडण्याच्या नोडमध्ये वरच्या ओळी, समान अंतरावरच्या ओळी, यादृच्छिक आणि स्तरित असे पर्याय शेजारीशेजारी आहेत. अल्टेरिक्सच्या सॅम्पल साधनातही पहिल्या, शेवटच्या, दर अमुकाव्या आणि अमुकात एक शक्यतेच्या ओळी असे प्रकार आहेत. हे पर्याय एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रोज एक ओळ असलेल्या विक्रीच्या तक्त्यातून दर सातवी ओळ घेतली तर वर्षभराचे, समजा, सगळे रविवार मिळतील आणि बाकीचे दिवस कधीच दिसणार नाहीत.

यादृच्छिक नमुन्यालाही दुबळ्या जागा आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. हजारात एकदा येणारी विकृत नोंद, उदाहरणार्थ भविष्यातली जन्मतारीख, हजार ओळींच्या नमुन्यात अजिबात न येण्याची शक्यता सदतीस टक्के असते. ती पंचाण्णव टक्के खात्रीने एकदा तरी दिसावी असे वाटत असेल तर तीन हजारांच्या आसपास ओळी लागतात. लाखात एकदा येणारी चूक शोधायला नमुना हे साधनच नव्हे. तिथे पूर्ण तक्त्यावर नियम चालवावा लागतो. दुसरी दुबळी जागा जोडणीची. शिधापत्रिकांचा एक तक्ता आणि कुटुंबातील व्यक्तींचा दुसरा तक्ता, दोन्हींतून स्वतंत्रपणे दहा-दहा टक्के ओळी घेतल्या आणि मग जोडल्या, तर व्यक्ती-पत्रिका जोड्या दहा टक्के उरत नाहीत, एक टक्का उरतात. उरलेल्या कुटुंबांतूनही बहुतेक माणसे गायब असतात, आणि सरासरी कुटुंब एक-सव्वा माणसांचे निघते. यावर उपाय असा की मर्यादा ओळींवर न घालता किल्लीवर घालायची: पत्रिका क्रमांकाचे हॅश काढून त्याला दहाने भागल्यावर बाकी शून्य येईल तेवढ्याच पत्रिका दोन्ही तक्त्यांत ठेवायच्या. मग निवडलेले प्रत्येक कुटुंब संपूर्ण येते, आणि उद्या वर्कफ्लो पुन्हा चालवला तरी तीच कुटुंबे येतात. माझ्या मते कोणत्याही जोडणीच्या वर्कफ्लोत हीच रीत मूळ मांडणी असायला हवी. एवढी सोपी गोष्ट साधनांच्या पहिल्या पानावर का नाही, याचे मला नवल वाटते.

खर्च वाचवण्याच्या हेतूबद्दलही एक गैरसमज खोल रुजलेला आहे: मर्यादा घातली की काम कमी झाले. बिगक्वेरीसारख्या स्तंभनिहाय साठवणुकीच्या सेवेत, शुल्क वाचून काढलेल्या बाइट्सवर मोजले जात असेल तर साध्या तक्त्यावर ‘लिमिट १०’ लिहूनही निवडलेल्या रकान्यांचे सगळे बाइट्स वाचले जातात आणि पूर्ण बिल येते. तिथे बिल कमी करायचे तर रकाने कमी निवडावे लागतात किंवा तारखेनुसार विभागलेल्या तक्त्याचा एकच भाग मागावा लागतो. पाने उलटत पुढे जातानाही तेच. पहिल्या एक लाख ओळी वगळून पुढच्या पन्नास द्या म्हटले की डेटाबेस त्या लाख ओळी वाचतो आणि टाकून देतो; शिवाय दोन पानांच्या मध्ये वर एखादी नवी ओळ आली तर एक ओळ दोनदा दिसते, आणि एखादी पुसली गेली तर एक ओळ कधीच दिसत नाही. शेवटच्या पाहिलेल्या किल्लीच्या पुढच्या पन्नास मागितल्या की दोन्ही अडचणी टळतात.

आता या विषयातल्या सर्वांत गंभीर भागाकडे येऊ. आतापर्यंतच्या मर्यादा कुणीतरी घातलेल्या होत्या. काही मर्यादा कोणीच घालत नाही, त्या भांड्यात असतात. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाईलीत ६५,५३६ ओळी मावतात. २००७ च्या आवृत्तीने नवी फाईल आणली आणि ती सीमा १०,४८,५७६ वर नेली, पण जुन्या फाईली वापरात राहिल्या. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत २०२० च्या शरद ऋतूत प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाईलींत येणारे कोविडचे निकाल जुन्या एक्सएलएस साच्यांत भरले जात होते. एका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत, म्हणून एका साच्यात सुमारे १,४०० रुग्ण मावत. त्यापुढचे गळत गेले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित अशा रीतीने मोजणीतून सुटले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध घेणाऱ्यांपर्यंत त्यांची नावे वेळेवर गेली नाहीत. थिमो फेट्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी या चुकीचा भौगोलिक परिणाम अभ्यासला आणि तिच्यामुळे सव्वा लाखाच्या आसपास जादा संसर्ग आणि दीड हजारांच्या आसपास जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. अंदाज कमीजास्त असू शकेल, पण कार्यकारणाचा धागा स्पष्ट आहे: ओळ गळाली, माणसाला फोन गेला नाही, तो माणूस इतरांत मिसळत राहिला. ज्या सीमेने हे केले ती तेरा वर्षांपूर्वीच मागे पडलेली होती.

इतर साधने या कसोटीवर तपासली तर त्यांचे दोन स्पष्ट गट पडतात. काही मर्यादा ओलांडल्या की काम थांबते. सेल्सफोर्समध्ये एका व्यवहारात ५०,००० हून अधिक नोंदी वाचू गेले की व्यवहार मोडतो. इलॅस्टिकसर्च मूळ मांडणीत १०,००० निकालांच्या पलीकडचे पान नाकारतो. पॉवर बीआय थेट क्वेरीच्या रीतीत मूळ स्रोताकडून दहा लाखांहून अधिक ओळी येऊ लागल्या की त्रुटी दाखवतो. वापरणारे यांना वैतागतात, आणि तरीही हे वागणे मला योग्य वाटते, कारण चुकीचा आकडा पुढे जात नाही. दुसरा गट गप्प कापतो. पॉवर ऑटोमेटमध्ये एक्सेलच्या तक्त्यातल्या ओळी वाचणारी पायरी, पाने वाचण्याची सोय चालू केली नसेल तर, २५६ ओळी देते आणि हिरवी खूण दाखवून पुढे जाते. पॉवर अ‍ॅप्समध्ये जी क्वेरी स्रोताकडे सोपवता येत नाही ती पहिल्या ५०० नोंदींवर चालते आणि ही मर्यादा फार तर २,००० पर्यंत वाढवता येते. अ‍ॅप बांधणाऱ्याला इशारा दिसतो, पण ज्या लिपिकाने शोध घेतला आणि ‘नोंद सापडली नाही’ असे वाचले, त्याला काहीच कळत नाही. नोंद सापडली नाही आणि नोंद शोधलीच नाही, या दोन वाक्यांत एखाद्याचा हक्क अडकलेला असू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की काम थांबवण्यापेक्षा अर्धवट माहिती बरी. साथीच्या दिवसांत तर मिळेल तेवढे हवे. आक्षेप वजनदार आहे. पण इंग्लंडच्या प्रसंगातही नुकसान अर्धवटपणाने झाले नाही. अर्धवटपणा आठवडाभर कुणाला ठाऊक नव्हता, त्याने झाले. पहिले १,४०० रुग्ण पुढे पाठवून ‘उरलेले बाकी आहेत’ असे त्याच फाईलीने सांगितले असते तर त्याच दिवशी तिचे तुकडे करून पुन्हा भरता आली असती. चूक सापडल्यावर यंत्रणेने फाईलींचे लहान तुकडेच केले. दुसरा आक्षेप इशाऱ्यांच्या गर्दीचा. दर पायरीला पिवळी पट्टी दाखवली तर माणसे पट्ट्या वाचणे सोडतात, हे अनुभवसिद्ध आहे. म्हणून इशारे वाढवण्यापेक्षा एकच ताळा घ्यावा: स्रोतात किती ओळी होत्या, आत किती आल्या, कारण देऊन किती नाकारल्या. पहिली संख्या बाकी दोहोंच्या बेरजेइतकी असली तर काहीच बोलू नये, नसली तर पुढे जाऊ नये. तिसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो: यंत्रे आता इतकी मोठी आहेत की मर्यादाच काढून टाका. यंत्राच्या क्षमतेपुरते हे काही कामांत शक्यही आहे. पण तक्त्यात माणसांची नावे, आजार आणि खाती असतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही ठरलेल्या हेतूला आवश्यक तेवढ्याच डेटापुरती मानली आहे. विकासकाच्या लॅपटॉपवर चाचणीसाठी सगळ्या जिल्ह्याचे रुग्ण उतरवणे सोयीचे असले तरी गैर आहे, आणि तिथे मर्यादा हवीच.

चाचणीपुरत्या वरच्या शंभर ओळी पुरतात, हा चौथा आक्षेप अर्धा खरा आहे. सूत्र चालते का, रकान्याचे नाव जुळते का, एवढ्यासाठी त्या पुरतात. रकान्यात काय काय येऊ शकते याची चाचणी त्यांनी होत नाही, आणि वर्कफ्लो पूर्ण डेटावर पहिल्यांदा चालवला की कोसळतो तो बहुतेक याच कारणाने. चाचणीच्या संचात यादृच्छिक ओळींसोबत मुद्दाम निवडलेल्या विचित्र ओळीही हव्यात: रिकामे रकाने, अतिलांब नावे, मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ, एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी. अशा ओळी नशिबाने येण्याची वाट पाहू नये. आणि चाचणीची मर्यादा वर्कफ्लोच्या पोटात नोड म्हणून ठेवण्याऐवजी बाहेरून दिलेल्या चलात ठेवावी, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या वेळी ती उठवायला विसरण्याचा प्रश्न कमी होतो. विसरलेच तर वर सांगितलेला ताळा ते लगेच पकडतो.

मर्यादा कशी बोलकी असावी याचे एक साधे उदाहरण आपल्याकडेच आहे. भारत सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर नमुन्यादाखल दिलेली किल्ली वापरली की एका मागणीत फार तर १० नोंदी मिळतात. ही मर्यादा अतिशय लहान आहे. पण उत्तरासोबत एकूण नोंदी किती, यावेळी किती पाठवल्या, कुठून सुरुवात केली आणि मर्यादा किती होती, हे चारही आकडे येतात. वर्कफ्लो लिहिणाऱ्याने त्यांपैकी फक्त नोंदींचा भाग उचलला आणि बाकीचे टाकून दिले, तर, उदाहरणार्थ बाजारभावांच्या तक्त्यात, दहा बाजारपेठांच्या भावांवरून देशाचा भाव ठरतो. तेच चार आकडे पुढच्या प्रत्येक पायरीला सोबत दिले, तर शेवटच्या तक्त्याखाली ‘एकूण अमुक नोंदींपैकी १०’ असे छापता येते, आणि तो तक्ता वाचणारा किती विश्वास ठेवायचा हे स्वतः ठरवू शकतो.